दोऱ्यावरची खूण

फोटोंचं पाकीट आणायला विद्याधर स्वतः गेला आणि तिथेच सगळं बिनसलं. एरवी ते काम कुंदाचं. रोल संपला की ती दुपारी भाजीच्या पिशवीत टाकून स्टेशनाजवळच्या स्टुडिओत द्यायची आणि आठवड्याने फोटो घेऊन यायची. विद्याधरला कुठे वेळ असायचा? सकाळी जो फोर्टातल्या विम्याच्या कचेरीत जायचा तो दिवेलागणीलाच परत. पण त्या दिवशी कचेरीतले कुणी जुने साहेब वारले म्हणून दुपारीच सगळ्यांना सोडलं, आणि मुलुंडला उतरल्यावर त्याला वाटलं, चला, आज आपणच घेऊन जाऊ. स्टुडिओवाला दत्ताराम मोठा बोलका प्राणी. पाकीट हातात देता देता म्हणाला, "साहेब, त्यातला तो जवळचा झकास आलाय हं. मागच्या खेपेपेक्षाही साफ. ह्या डबा कॅमेऱ्यातनं असा फोटो म्हणजे मानलं बुवा. कुणी काढला?" विद्याधरला कळेना, कसला जवळचा, कसली मागची खेप. पण आपल्याला कळत नाहीये हे दत्तारामला कळू देईल तर तो विद्याधर कसला! "मीच," तो म्हणाला, आणि रस्त्यावर येऊन रसवंतीच्या आडोशाला त्याने पाकीट उघडलं.

सात फोटो त्याचे होते. आठवा त्याचा नव्हता. आठव्यात कुणा बाईची मान होती, मागून. अंबाडा एका हाताने वर उचललेला, त्या हातात काचेच्या बांगड्या, कानात मोत्यांची कुडी, आणि मानेवरचे बारीक केस असे स्वच्छ की बसून मोजावेत. कुडी कुंदाची. बांगड्या कुंदाच्या. मानेवर केसांच्या कडेशी एक काळा ठिपका होता, तिळासारखा, आणि त्याच्या शेजारी एक फिकट डाग, हरभऱ्याच्या डाळीएवढा. तो डाग पाहून विद्याधर आधी दत्तारामवरच चिडला. लेकाचा फोटो नीट वाळवत नाही, पाण्याचे थेंब तसेच ठेवतो! मग तिळाकडे पाहत राहिला. कुंदाच्या मानेवर तीळ आहे? लग्नाला सात वर्षं झाली होती. आहे की नाही, हे त्याला काही केल्या आठवेना.

त्याचं असं होतं की त्या कॅमेऱ्याची नाडी न् नाडी आपल्याला ठाऊक आहे, असा विद्याधरचा समज होता. काळा चौकोनी डबा, पुढे एक डोळा, बाजूला खटका, मागे लाल काचेच्या खिडकीतून फिल्मचा आकडा दिसायचा. नवे पैसे आले त्या वर्षी दिवाळीला त्याने तो घेतला. सात फुटांच्या आत माणूस उभा करू नये, नाहीतर चेहरा पुसट येतो, हे त्याने त्याबरोबर आलेल्या कागदावर वाचलं होतं आणि घरात सगळ्यांना ऐकवलं होतं. कुणी चुकून पुढे आलं की तो ओरडायचा, "मागे व्हा, मागे!" म्हणून त्याच्या फोटोंत सगळी माणसं लांब. जुहूला समुद्रासमोर कुंदा उभी आहे, पण ती कुंदा आहे हे पदराच्या काठावरून ओळखायचं. आई तुळशीपाशी, म्हणजे तुळस ओळखता येते, आई नाही. आणि त्याच डब्याने कुणीतरी हातभर अंतरावरून ही मान काढली होती. हा फोटो कसा निघाला हे विद्याधरला सांगता येत नव्हतं, पण काढणारा किती जवळ उभा होता ते दिसत होतं. नवऱ्याने उभं राहावं तेवढ्या जवळ.

तसा विद्याधर संशयी नव्हता. निदान त्याचं स्वतःबद्दल तसं मत होतं. आपली नजर बारीक आहे, एवढंच तो म्हणायचा. त्या बारीक नजरेचा केवढा अभिमान! परगावी नोकरीला असलेल्या धाकट्या भावासाठी, मार्तंडसाठी, डोंबिवलीला मुलगी पाहायला गेले होते तेव्हा पोह्यांची बशी पुढे करताना त्या मुलीच्या बांगड्या सरकल्या आणि मनगटावरचा पांढरा डाग दिसला तो एकट्या विद्याधरला. बाकी सगळे पोह्यांचं कौतुक करत बसले होते. घरी येऊन तो म्हणाला होता, "कोड आहे मुलीला. डोळ्यांदेखत फसवत होते. असली बाई घरात घ्यायची म्हणजे उद्या पोराबाळांची वाट लागली. लग्नानंतर कळलं असतं तरी मी तिला दुसऱ्या दिवशी माहेरी पोचती केली असती." कुंदा चहा गाळत होती. त्या वेळी तिचा एक हात मानेकडे गेला होता का? गेला असेल. बायकांचे हात सारखे केसांकडे जातच असतात. हे त्याला घरी जाताना वाटेत का आठवलं कोण जाणे. त्याने ते झटकून टाकलं, कारण त्याला दुसरंच आठवायचं होतं. त्याला सबनीस आठवायचा होता.

नंदकिशोर सबनीस वरच्या मजल्यावर एकटा राहायचा. औषधांच्या कंपनीत फिरतीवर. भात्याचा विलायती कॅमेरा, मागे वळवलेले केस आणि बायकांशी बोलताना उगाच हसणं. गेल्या गौरी-गणपतीत चहाला आला होता तेव्हा फोटोंच्या गोष्टी निघाल्या. "अरे यार, तुझ्या डब्यातनंही जवळचा फोटो निघतो," तो म्हणाला. "एक भिंग धर डोळ्यापुढे. चाळिशीची काच असली तरी चालते. मग हातभर अंतरावरचं लख्ख येतं. फक्त अंतर चुकता कामा नये. उन्हात काढायचा, हलायचं नाही." विद्याधर मोठ्याने हसला होता. चाळिशीच्या काचेने फोटो! उद्या म्हणशील पळीने काढ, परवा म्हणशील झाऱ्याने काढ. आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती, कुंदा दारात उभी. सबनीस बोलत होता ते कुणाकडे पाहून? विद्याधरला आता पक्कं आठवलं की कुंदाकडे पाहून. आता आठवायला बसलं की माणसाला हवं ते आठवतं, ही गोष्ट निराळी.

घराचा जिना चढता चढता त्याने आठवा फोटो काढून कोटाच्या आतल्या खिशात घातला. कुंदाने दार उघडलं. एवढ्या लवकर त्याला दारात पाहून ती दचकली, असं त्याला दिसलं. "बरं नाही का?" तिने विचारलं. "तुझं काम केलं," तो म्हणाला आणि पाकीट पुढे केलं. ती ते घेईना, मग झटकन घेतलं. आई आतून बाहेर आली. कुंदाने एकेक फोटो पाहिला, शेवटचा पाहिला, पुन्हा पहिल्यापासून पाहिले. "सातच?" ती म्हणाली. विद्याधर बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "एक उजेड लागून गेला." हे वाक्य तिचंच. गेले तीन-चार रोल ती फोटो आणायची तेव्हा एक कमी असायचा, आणि ती म्हणायची, एक उजेड लागून गेला. लाल खिडकीतला आकडाही प्रत्येक वेळी आपल्या हिशेबापेक्षा एकाने पुढे असायचा आणि तो मनात म्हणायचा, आपणच चावी फिरवली असेल. आपणच विसरभोळे! वाक्य बोलून त्याने वर पाहिलं. कुंदा आईकडे पाहत होती. आईने डोळे मिटून उघडले, इतकंच. बरं! म्हणजे आईलाही ठाऊक आहे. म्हातारीदेखील सामील! त्याला धड रागावताही येईना.

पुढचे दिवस तो घरात चोरासारखा वावरला. कुणाचं काय चोरतोय हेच कळत नव्हतं. आधी तीळ शोधला. कुंदा न्हाऊन केस पुसत असताना उगाच मागून गेला, तर तिने टॉवेल खांद्यावर ओढला. सगळं दिसलं नाही, पण केसांची कड दिसली आणि तिथे तीळ नव्हता. नव्हताच. मग ती मान कुंदाची नाही? पण कुडी तीच, बांगड्या त्याच. मग तीळ गेला कुठे? कचेरीत बसल्या बसल्या, विम्याच्या कागदांवर शिक्के मारताना त्याच्या डोळ्यांपुढे तो ठिपका यायचा आणि शिक्का भलत्याच जागी पडायचा. घरी कॅमेऱ्याच्या चामडी पिशवीत त्याला एक पांढरा दोरा सापडला. एका टोकाला गाठ, आणि हातभर अंतरावर कुंकवाने लावलेली खूण. हा कसला गंडादोरा? कुणी कुणावर काय करतंय ह्या घरात? त्याने तो होता तसा ठेवला आणि हात धुतले. कुंदाच्या उशीला एक वास यायचा, तेलाचा, पण खोबरेल नव्हे. कडवट, वैद्याच्या दुकानातला. खालच्या मजल्यावरच्या वनमालाकाकू बोळात भेटल्या तेव्हा सहज बोलून गेल्या, "कुंदाला सांग हो, भर दुपारी गच्चीवर बसते, ऊन लागेल." गच्चीवर? भर दुपारी? गच्चीला लागून सबनीसची खोली. विद्याधरने हसून मान डोलावली, आणि तो हसू शकला ह्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. त्या रात्री जेवताना त्याला दिसलं की आईच्या जुन्या चाळिशीत डावी काच नाही. "पडली," आई म्हणाली. "कुठे?" "पडली रे कुठेतरी. आता काच पण तुला विचारून पाडायची का?" कुंदा खाली बघून भात कालवत होती. ती हसली असं त्याला वाटलं. त्याला वाटलं, ह्या घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे आणि आपण तेवढे सात फुटांवर उभे आहोत.

त्याला कुंदा हवी होती. हे त्याने कधी तिला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. सांगायचं काय त्यात? पण आता ती जाईल, ह्या विचाराने त्याचा जीव कासावीस व्हायचा. मूल नव्हतं, आईचं वय झालेलं, आणि संध्याकाळी दार उघडायला कुंदा नसेल तर त्या दोन खोल्यांत आहे काय? आणि लगेच त्याला तिचा असा राग यायचा की दात करकचून आवळावे. एक दिवस साहेबांना पोटात दुखतं सांगून तो निघाला. पोटात खरंच दुखत होतं. बोळातून आत शिरताना त्याने सबनीसच्या खिडकीकडे पाहिलं. बंद होती. बंद असणारच! जिना चढताना बूट हातात घ्यावे असं त्याच्या मनात आलं, आणि त्याने ते घेतलेही. विम्याच्या कचेरीतला हेडक्लार्क बूट हातात घेऊन स्वतःच्या घराचा जिना चढतोय. त्याला स्वतःचीच शिसारी आली. घराला बाहेरून कडी होती. सबनीसच्या दाराला बाहेरून कुलूप. गच्चीचं दार लोटलेलं, आणि पलीकडून आवाज.

"हलू नको गं. श्वास धर."

आवाज आईचा होता.

त्याने दार ढकललं. उन्हात पाटावर कुंदा बसली होती, दाराकडे पाठ, अंबाडा एका हाताने वर उचलून. तिच्यामागे आई उकिडवी बसलेली. पुढे तांदळाचा पितळी डबा पालथा घातलेला, त्याच्यावर कॅमेरा, कॅमेऱ्याच्या डोळ्यावर मेणाने चिकटवलेली चाळिशीची काच. दोऱ्याची गाठ कॅमेऱ्याच्या कडीला बांधलेली आणि कुंकवाची खूण कुंदाच्या मानेला टेकवलेली. आई डबा तसूभर पुढे सरकवत होती. खूण बरोबर जुळली तसा तिने दोरा सोडला, खटका दाबला आणि मगच दाराकडे पाहिलं. "आलास?" ती म्हणाली. जणू तो भाजी घेऊन आला होता.

कुंदा वळली. तिने पदर इतक्या घाईने ओढला की बांगडी पाटावर आपटून फुटली. विद्याधरच्या हातात बूट होते. त्याने ते खाली ठेवले, खिशातून फोटो काढला आणि विचारलं, "हे काय चाललंय?" आई उठली, गुडघ्यावर हात ठेवून. त्याच्या हातातला फोटो तिने घेतला, ज्या डोळ्याला काच होती त्या डोळ्याजवळ धरला. "तरी म्हटलं हा गेला कुठे! चार महिने बघतोय आम्ही, वाढतंय का तेवढंच आहे ते. माझ्या डोळ्यांना दिसत नाही, तिला तिची मान दिसत नाही. मग काय करायचं? वैद्य म्हणाले, बावचीचं तेल लावा, उन्हात बसवा, आणि महिन्याच्या महिन्याला ताडून बघा. कशाने ताडायचं? म्हणून हे. कडेला कुंकू लावते मी दर वेळी, गेल्या खेपेची हद्द. हा बघ, फोटोत काळा आलेला ठिपका. आणि हा डाग. अजून ठिपक्याच्या आत आहे."

विद्याधरने पाहिलं. दिवसातून दहा वेळा तो हा फोटो पाहत होता. कचेरीच्या मोरीत, दिव्याच्या खांबाखाली, पुरुषाची सावली पडलीय का, बोट दिसतंय का म्हणून एकेक केस तपासला होता. आणि डाग दत्तारामच्या माथी मारून मोकळा झाला होता. काय ती बारीक नजर!

"मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला.

"तुला?" आई म्हणाली. "मार्तंडाच्या वेळी काय बोललास, आठव. ही चहा गाळत होती. त्याच्या आदल्याच आठवड्यात मला हिच्या मानेवर दिसलं होतं. मी हिला म्हटलं, ह्याच्यापुढे चकार शब्द काढू नकोस. मी ओळखते ना माझ्या पोराला!"

वाऱ्यावर कुणाच्या तरी चादरी हलत होत्या. लांब डोंगराच्या बाजूला खाणीत सुरुंग उडाला, तसा रोजच उडायचा. कुंदा अजून पाटावरच होती. तिने वर पाहिलं नाही, फुटलेल्या बांगडीचे तुकडे गोळा करता करता विचारलं, "मला पाठवाल ना तुम्ही?"

एवढंच विचारलं. नाही, हा एक शब्द होता. तो त्याला यायला हवा होता. तो येतही होता, पण त्याच्या आधी डोंबिवलीचं ते मनगट आलं, मार्तंडाच्या होणाऱ्या सासरची माणसं आली, कचेरी आली, वनमालाकाकू आल्या, आणि हा डाग मानेवरून गालावर उतरला तर जुहूच्या वाळूत लोक वळून कसे बघतील, ते आलं. एवढं सगळं यायला फार वेळ लागला नाही. मग तो म्हणाला, "वेडी आहेस का? भलतंच काय!" आणि हसलाही. पण कुंदाने बांगडीचे तुकडे वेचणं थांबवून वर पाहिलं होतं, आणि शब्दाच्या आधीचं सगळं तिने पाहिलं होतं.

"आण इकडे," तो घाईघाईने आईला म्हणाला, "मी काढतो. माझ्या हातचा बघा कसा येतो. बस गं, नीट बस." कुंदा पाठ फिरवून बसली. त्याने कॅमेरा उचलला. "डब्यावर ठेव रे," आई म्हणाली. "मला शिकवू नकोस," तो म्हणाला. दोरा ताणला, कुंकवाची खूण तिच्या मानेला लावली. त्याची बोटं मानेला लागली तशी ती शहारली. डाग समोर होता, उन्हात, फोटोतल्यापेक्षा लहान, गुलाबीसर. लहान मुलाच्या तळव्याचा रंग असतो ना, तसा. इतक्या जवळून त्याने तिची मान कधी पाहिलीच नव्हती. त्याला वाटलं, इथे हात ठेवावा. आणि त्याच क्षणी त्याचा हात मागे आला, आपोआप, तव्याला लागल्यासारखा. त्याने खटका दाबला.

रोल संपल्यावर पाकीट त्यानेच आणलं. दत्ताराम चुकचुकला. "हा हललाय, साहेब. आधीचा मात्र फर्स्टक्लास." घरी कुंदाने दोन्ही फोटो खिडकीशी नेऊन पाहिले. आईचा आणि त्याचा. त्याच्या फोटोत मान म्हणजे एक पांढुरका लोंबता पट्टा होता, सगळाच डाग. "ह्यात काही कळत नाही," ती म्हणाली. "वारा होता," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. आईने काढलेला फोटो तिने ट्रंकेतल्या साडीच्या घडीत ठेवला आणि त्याने काढलेला त्याच्या हातात परत दिला.

तिला पाठवायचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. विद्याधर तिच्याशी पूर्वीपेक्षा गोड बोलायचा. बावचीच्या तेलाची बाटली त्याने स्वतः आणून दिली. ती त्याच्याकडे बघायची तेव्हा मात्र काहीतरी शोधत बघायची. तो पाणी प्यायला तरी, पेपर वाचताना मान वळवली तरी. त्या नजरेची त्याला ओळख होती. महिनाभर ती त्याचीच तर होती.

पुढच्या महिन्यात एका रविवारी दुपारी सासू-सुना पाट, पितळी डबा आणि कॅमेरा घेऊन गच्चीवर निघाल्या. विद्याधर पेपर बाजूला ठेवून उठला. "मी येऊ?" "कशाला? पडा जरा," कुंदा म्हणाली, आणि तिचा आवाज मऊच होता. त्या गेल्यावर त्याला दिसलं, दोरा टेबलावरच राहिलाय. त्याचा जीव भांड्यात पडला. अंतर चुकता कामा नये. सबनीस म्हणाला होता. दोऱ्याशिवाय त्यांचं अडणार. तो दोरा घेऊन जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेला आणि लोटलेल्या दारापाशी थांबला. हाक आली की आत जायचं, खूण आपण मानेला लावायची, आणि ह्या वेळी हात काढायचा नाही. त्याने मनाशी अगदी ठरवलं.

"दोरा राहिला गं खाली," आतून आई म्हणाली. "त्याला हाक मारू?"

विद्याधरने श्वास धरला.

"राहू दे, आई," ती म्हणाली. "आता अंदाज आलाय."

मग खटक्याचा आवाज आला. विद्याधर तिथेच उभा राहिला, आणि काहीतरी करायला हवं म्हणून दोरा बोटाला गुंडाळू लागला.